बॅटरीवरची गाडी

पेट्रोलचे भाव भडकले त्या वर्षी दौंडला आमच्या बौद्धवस्तीतल्या एका मोटार-वाइंडिंगवाल्यानं भंगारातल्या गाडीचं इंजिन काढून तिच्यात बॅटऱ्या बसवल्या. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. सगळे मामाच म्हणत. आम्ही चौघं नोकरदार रोज त्या गाडीतून स्टेशन गाठायचो. गाडी आवाज न करता निघाली की मामा हलकेच मिशीवर बोट फिरवायचा.

गाडी रात्री चार्ज व्हायची वरच्या आळीतल्या एका पुढाऱ्याच्या पिठाच्या गिरणीत. गिरणीची मोटार मामाच दुरुस्त करायचा, म्हणून परवानगी होती. एका सकाळी मात्र वायर उपटून रस्त्यावर फेकलेली दिसली, बॅटऱ्या रिकाम्याच.

"आता ह्यांनी मोटारीत बसून आमच्या दारावरनं जायचं व्हय?" पुढारी म्हणाला.

मी पुटपुटलो, "मामा, जाऊ द्या."

"का जाऊ द्या?" मामा माझ्यावरच उसळला. मग पुढाऱ्याकडे वळला. "उद्या समद्यांच्याच गाड्या बॅटरीवर पळतील. तवा कुणाकुणाची वायर उपटशील?"

त्यानं वायर कोपराभोवती नीट गुंडाळली, स्टिअरिंग धरलं आणि आम्हाला गाडी ढकलायला सांगितलं. पुढाऱ्याच्या दारावरूनच आम्ही ती स्टेशनापर्यंत ढकलत नेली.

पॅसेंजर चुकली, चौघांचाही खाडा झाला. पुढाऱ्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.