उजव्या पायाचा तपास

ती हकिगत आठवली की आजही मला स्वतःचाच राग येतो. एकतीस वर्षांच्या नोकरीत पुष्कळ तपास केले, त्यांतले काही वर्तमानपत्रांतही आले. हा मात्र निवृत्तीनंतरचा. ना गुन्हा नोंदला गेला, ना पंचनामा झाला, आणि हद्द तर माझी मुळीच नव्हती. गाव होतं आयर्लंडमधलं मलिंगार. नेहमीप्रमाणे कुणाचंही नाव देत नाही.

माझी मुलगी तिथल्या सरकारी रुग्णालयात इमर्जन्सी विभागात डॉक्टर. दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत मी आणि सौ. तीन महिन्यांसाठी म्हणून गेलो आणि विमानं बंद झाल्यानं दीड वर्ष अडकलो. शेजारच्या घरात अठ्ठावीस वर्षांची एक आयरिश मुलगी राहायची. पहिल्या लॉकडाउनमध्ये संसर्गाच्या भीतीनं माझी मुलगी वरच्या खोलीत वेगळी राहत होती, तेव्हा सहा आठवडे आमचा किराणा या शेजारणीनं दारात आणून ठेवला. हे उपकार विसरण्यासारखे नव्हते.

ही शेजारीण व्यावसायिक खेळाडू होती. तिथल्या गोल चेंडूच्या फुटबॉलमध्ये तिनं नाव काढलं होतं. ते पाहून ऑस्ट्रेलियातल्या एका क्लबनं तिला त्यांच्या फुटबॉलसाठी करारावर घेतलं. त्यांचा खेळ वेगळा. चेंडू लांबट, दोन्हीकडून टोकदार, आणि गोलाला चार खांब. पहिलाच हंगाम करोनामुळे अर्धवट राहिला आणि ती घरी परतली. पुढचा हंगाम जानेवारीत होता. ऑस्ट्रेलियाच्या सीमा बंद असताना तिला प्रवासाची खास परवानगी मिळाली होती, नोव्हेंबरअखेरचं तिकीटही आलं होतं. या वयात ही संधी हुकली तर दुसरी मिळणार नाही, हे ती हसत हसत सांगायची, पण बोलताना हात मात्र एकमेकांत घट्ट धरलेले असायचे.

पोलीस ठाण्यात स्टेशन डायरी लिहायची सवय मला निवृत्तीनंतरही सुटली नाही. सकाळी चहा घेऊन खिडकीत बसायचं आणि दिसेल ते वहीत टिपायचं. घरांमागच्या हिरवळीवर ती रोज सराव करी. शंभर किक उजव्या पायानं, शंभर डाव्या पायानं. तेही मी लिहून ठेवायचो. हसा खुशाल, पण रिकामा पोलीस दुसरं काय करणार?

खबर आली ती स्वयंपाकघरातून. ऑक्टोबरचे शेवटचे दिवस होते, पुन्हा कडक लॉकडाउन लागला होता. सौ. भांडी पुसता पुसता म्हणाली, "अहो, ती आताशा भिंतीवरून येत नाही. फाटकानं येते."

आमच्या दोन अंगणांमध्ये कमरेएवढी भिंत होती. ब्रेड भाजला की शेजारीण एक हात टेकवून भिंतीवरून उडी मारायची आणि पायरीवर ठेवून जायची. एकतीस वर्षांत मला इतका नेमका खबऱ्या मिळाला नव्हता. मी वही उघडली. नऊ दिवस उजव्या पायाची एकही किक नव्हती. मी ते रोज लिहीत होतो आणि त्याचा अर्थ मात्र लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी तिला सहज म्हणून पायाबद्दल विचारलं. ती म्हणाली, "ग्रँड." म्हणजे झकास. त्या लोकांचं सगळंच ग्रँड असतं, हवा, चहा, तब्येत. पण माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर आलं होतं, आणि असं उत्तर तयार करून ठेवलेलं असतं. पोरगी दुखरा पाय लपवून विमानात बसणार हे मला स्पष्ट दिसत होतं. तिथं पहिल्याच सामन्यात तो कायमचा गेला असता. चार आठवडे उरले होते. मला जेवण गोड लागेना.

इथं मी माझं हुकमी हत्यार काढलं. पूर्वी पाण्याच्या मोटारी चोरीला गेल्याच्या प्रकरणात मी दोन सख्ख्या भावांना ताब्यात घेतलं होतं. दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं आणि धाकट्याला म्हटलं, "तुझ्या भावानं सगळं सांगितलंय." धाकटा दहा मिनिटांत कबूल झाला. थोरल्यानं तोंडही उघडलं नव्हतं. त्या तपासाबद्दल मला बक्षीस मिळालं आणि पुढं नव्या फौजदारांना मी हा किस्सा मोठ्या ऐटीत सांगत असे.

तर मी तिला भिंतीपाशी बोलावलं. चहाचा कप भिंतीवर ठेवला, नियमाप्रमाणे दोन मीटर मागं सरलो आणि म्हणालो, "डॉक्टरांकडून मला सगळं समजलंय."

माझा हिशोब साधा होता. खेळाडू आहे, कुठल्या तरी डॉक्टरला दाखवलं असेलच. तिचा चेहरा पांढरा पडला. तिनं हळूच विचारलं, "तिनं सांगितलं तुम्हाला?"

बाण बरोबर लागला या आनंदात मी मान डोलावली. ती एवढंच म्हणाली की डॉक्टरला तसा अधिकार नव्हता, आणि आत निघून गेली. चहा तसाच राहिला.

त्या 'तिनं'चा अर्थ माझ्या डोक्यात शिरायला संध्याकाळ झाली. मुलगी ड्युटीवरून आली. शेजारीण तुझ्याकडे तपासायला आली होती का, असं मी विचारताच तिचा घास हातात राहिला.

"बाबा, पेशंटबद्दल मी घरी बोलत नाही. का विचारताय?"

मी जे केलं ते सांगितलं. मुलगी चिडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "तक्रार केली तर करू दे, ते मी बघेन. पण आता ती कुठल्याच डॉक्टरकडे जाणार नाही. तशीच फ्लाइट घेईल. माझ्यावर विश्वास होता तिचा, बाबा. हे तुम्हालाच निस्तरायचंय."

तेव्हाही त्या पायाला काय झालंय, हे तिनं मला सांगितलं नाही.

पुढचे चार दिवस शेजारणीचे पडदे बंद होते. हिरवळ रिकामी. वहीत लिहायला काहीच नव्हतं. तिची बॅग भरून झाली असेल या विचारानं मी घरभर फिरत होतो. अट्टल गुन्हेगारांसमोर न बिचकलेला मी एका मुलीच्या दारावरची घंटा वाजवायला घाबरत होतो. पाचव्या दिवशी सकाळी फाटकानं गेलो.

तिनं दार जेमतेम उघडलं. मी पायरीवर उभा राहून माझा जबाब दिला. मी खोटं बोललो. माझी मुलगी एक शब्दही बोललेली नाही. ही आमची जुनी युक्ती आहे, आणि ती मी तुझ्यावर वापरली, याची मला लाज वाटते.

तिनं दार आणखी थोडं उघडलं. मग तिनं विचारलं, "ही युक्ती नेहमी लागू पडते?"

"नेहमी."

"आणि ती माणसं नेहमीच दोषी असतात?"

मी तिथंच पायरीवर खाली बसलो. माझी ती अवस्था पाहूनच की काय, ती उंबऱ्यात बसली आणि रडायला लागली. वळताना गुडघा सटकत होता. माझ्या मुलीनं स्कॅन करायला सांगितलं होतं, पण एकदा कागदावर आलं की करार गेला, म्हणून ती गेलीच नव्हती. उजवा पाय गेला तर मी कोण, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी समजूत घातली नाही. तिथंच बसून राहिलो.

त्याच आठवड्यात तिनं स्कॅन केलं. गुडघ्यातला अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट, फाटला होता. क्लबला ईमेल तिनं स्वतः लिहिलं आणि पाठवताना मला पायरीवर बसवून घेतलं. उत्तराला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत ती दोनदा मला म्हणाली की गप्प राहिले असते तर बरं झालं असतं, आणि दोन्ही वेळा मलाही तसंच वाटलं. क्लबनं त्या हंगामात दुसरी खेळाडू घेतली. पुढच्या वर्षाचं बघू, एवढंच कळवलं. तिचं विमान तिच्याविना उडालं त्या दिवशी ती गुडघ्याच्या ऑपरेशननंतरच्या कुबड्या घेऊन आमच्या अंगणात सौ.च्या हातचे पोहे खात होती. माझ्या मुलीशी ती पुन्हा बोलायला लागली. आम्ही भारतात परतलो त्या ऑगस्टमध्ये ती सरळ धावत होती, वळायला अजून परवानगी नव्हती.

तिचा तो प्रश्न मात्र माझ्याबरोबर आला. मी कायम कबुल्याच मोजल्या. ज्याचं नाव खोटंच घेतलं, त्याचं पुढं काय झालं, हे एकदाही पाहिलं नाही. त्या दोघा भावांच्या गावच्या पोलीस पाटलाकडून मी धाकट्याचा नंबर मिळवला. माझं नाव सांगताच त्यानं ओळखलं. मी विषय काढायच्या आत त्यानंच विचारलं, "साहेब, तेव्हा दादा खरंच बोलला होता का?"

मी म्हटलं, "नाही. तो काहीच बोलला नव्हता."

"बोलला नव्हता," त्यानं माझेच शब्द पुन्हा म्हटले. मग तो म्हणाला, "दादाला जाऊन चार वर्षं झाली, साहेब. मी मयतीलाही गेलो नव्हतो."