पितांबर नव्हे, स्थितांबर

शेवगावजवळच्या आमच्या गावात थंडीत व्याख्यानमाला असते. मी भूगोलाची शिक्षिका, म्हणून यंदा एक संध्याकाळ मला मिळाली. विषय होता हिवाळी हवेची बदलती ठेवण आणि स्थितांबर. व्याख्यानमालेची व्यवस्था बघणाऱ्या माझ्या दिरांनी सकाळीच कर्ण्यावरून पुकारलं, ‘‘आज आमच्या वहिनींचं देवाच्या पितांबरावर प्रवचन हाय.’’

मांडव बायकांनी फुलून गेला. दीर कानाशी लागले, ‘‘वहिनी, आता पितांबरावरच बोला. ढगाच्या वरची हवा म्हनलं की समद्या उठून जातील, अन् फुडच्या साली तुमाला कोन बोलवायचं न्हाई.’’

मी खरं तेच सांगितलं. पुढच्या दोघींनी लगेच पिशव्या उचलल्या. मीही कमी नाही. सत्कारासाठी आणलेली साडी उचलून मी भर मांडवात उलगडली. धाकट्या जाऊबाईंना खुर्चीवर चढवून वरचं टोक त्यांच्या हाती दिलं, खालचे दोन कोपरे त्या निघालेल्या दोघींच्या.

‘‘जाऊबाई म्हणजे स्थितांबर. खाली तुम्ही एक डोंगर-समुद्र, दुसरी हिवाळ्यातली हवेच्या दाबाची ठेवण. हलवा.’’

दोघींचे हात एका तालात उठले आणि लाट सळसळत वर गेली. जाऊबाई डुलल्या. ‘‘अगं, पाडता काय मला?’’ मग एकीला वर, एकीला खाली हात न्यायला लावला. लाट मध्येच जिरली.

‘‘ही दुसरी, दाबाची ठेवण, दर हिवाळ्यात थोडी हलतेच,’’ मी म्हणाले. ‘‘पण वर्षानुवर्षं एकाच बाजूला सरकत राहिली, तर ताल कायमचा बदलतो. ताल जुळला, की उत्तर ध्रुवावर गरगरणारा वरचा भोवरा ढिला पडतो, तिथली हवा तापते. मोडला, की भोवरा घट्ट आणि गारठलेला.’’

मागून एक आजी म्हणाल्या, ‘‘म्हंजी दोगी जावांचं जमलं की घरचा मालक हालतो, व्हय?’’

‘‘अगदी तसंच, आजी.’’

सगळा मांडव दिरांकडे वळून हसला. मग काय, जिला तिला कोपरा धरायचा होता. एवढ्यात पुढच्या कार्यक्रमाचं भजनी मंडळ टाळ घेऊन दारात उभं राहिलं. दीर मला आवरायच्या खुणा करू लागले, तर साडी धरलेली एकजण म्हणाली, ‘‘बुवा, वाईच टेका. आमचा भोवरा अजून ढिला व्हायचाय.’’

बुवा टाळ खाली ठेवून टेकले. दिरांनी माझ्याकडे न बघता माईक ओढला आणि पुकारलं, ‘‘फुडच्या साली वहिनींना दोन दिवस.’’