दाराशी बसणारी बाई

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांना नाही — ते गेले, सुटले. लेकीला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा एवढं सोडून बाकी सगळं सांगते. त्याला माहीत असेल तर असो, माझ्या तोंडून नको.

सुरुवात पुस्तकांपासून करते. तेवढं सोपं आहे.

माझी नात मुक्ता बुलढाण्याहून जाडजूड कादंबऱ्या आणते. प्रत्येकीत एक मनाचा डॉक्टर, एक पेशंट आणि एक बंद खोली. पेशंट काहीतरी लपवतो, डॉक्टर त्याहून जास्त लपवतो. मी सत्तरीची म्हातारी, मांडीवर पोथी उघडते आणि पोथीच्या आत कादंबरी ठेवते. सुनेला वाटतं, सासू पुण्य जमवून राह्यली. गॅसवर दूध उतू जातं, पण पान सोडवत नाही. काऊन? दुसऱ्याच्या मनाचं दार किलकिलं दिसलं की डोळा लावल्याशिवाय राहवत नाही, म्हणून. तुम्हाला राहवतं? खरं सांगा.

मुक्ता डॉक्टरवर संशय घेते, मग पेशंटवर घेते. मी मात्र पहिल्या पानापासून तिसऱ्याच माणसावर नजर ठेवते — दाराशी बसून नंबर पुकारणाऱ्या बाईवर. तिला कोणी काही विचारत नाही. आजवर एकाही पुस्तकात ती पकडली गेलेली नाही.

ती मी होते.

चाळीसेक वर्षं झाली. आमच्या धाड गावच्या बाजाराच्या दिवशी शहरातून एक डोक्याचे डॉक्टर यायचे आणि एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसायचे. बाकीचे दिवस तिथे ताप-खोकलाच चाले. मी झाडलोट करायची, नंबर लावायची. डोक्याच्या डॉक्टरकडे गेलेली बाई गावात वेडी ठरायची, म्हणून बाया बाजाराचं निमित्त काढून येत. पिशवी आणि सुटे पैसे माझ्याकडे देत आणि आत जात. त्या आत बोलत असताना मी समोरच्या बाजारातून त्यांची भाजी आणायची. रिकाम्या पिशवीनं घरी जाता येत नव्हतं ना! डॉक्टरांनी हे काम मला सांगितलेलं नव्हतं. बायांनीच माझ्यावर विश्वास टाकून ते सोपवलं होतं.

आणि तेव्हाची मी कोण? मनगटावर घड्याळ — बंद पडलेलं — पण दवाखान्यातली बाई म्हणून हात पुढे काढून चालायची. चार गोळ्यांची नावं पाठ झाली तर स्वतःला अर्धी डॉक्टरीण समजायची. दाराला नुसता पडदा होता. भाजी धावत आणायची आणि पडद्याला कान लावून उभी राहायची. घरी पोळ्या लाटताना मनात एकच — पुढच्या बाजाराला कोण काय सांगेल?

त्यांतली एक कमल. जवळच्याच खेड्यातली, पहिलटकरीण, चार महिन्यांची पोरगी घरी सासूजवळ ठेवून येणारी. तीन बाजार नुसती रडली. चौथ्या बाजाराला पिशवी माझ्या हातात देताना तिनं पदरानं डोळे कोरडे पुसून घेतले, आणि मी — मी ओळखलं, आज सांगणार. मी भाजीला गेलेच नाही. 

ती म्हणाली, पोरगी रडाले लागली की तिच्या तोंडावर उशी दाबून धरावी वाटते मले.

डॉक्टर बराच वेळ बोलले. शब्द अजून पाठ आहेत मला. विचार येणं म्हणजे तसं करणं नव्हे, म्हणाले. हा बाळंतपणानंतरचा आजार आहे, बरा होतो. ज्या आईला अशा विचाराचं भय वाटतं, ती लेकराला जिवापाड जपते. कमल बाहेर आली तेव्हा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. तिच्या गावाकडे जाणारी जीप हॉर्न देत होती, आणि तिची पिशवी रिकामी. मी म्हटलं, आज वांगी किडकी होती बाई, भाजी सगळी सडकी, घेतलीच नाही. तिनं खरं मानलं. घरी जाऊन तेच सांगितलं असेल. शेजारीण त्याच बाजारातून हिरवीगार भाजी घेऊन आलेली; कमल बाजारात गेलीच नव्हती, हे तिथंच उघडं पडलं असणार.

दुसऱ्या दिवशी तिचा नवरा आला. हातात तीच पिशवी. कोणतेच डॉक्टर अजून आले नव्हते, मी एकटी. तो मारकुटा नव्हता हो, घाबरलेला होता. फार खालच्या आवाजात विचारलं —

"बाई, ते इथं येत होती काय? काय सांगे डॉक्टरले?"

डोळे तपासायला आली होती, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. माहीत नाही म्हटलं असतं तरी. पण मी त्याला बाकावर बसवलं. आवाज उतरवला. आणि उशीचं सांगितलं.

तिथंच थांबले.

डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं नाही. विसरले नव्हते — जिभेवर होतं. पण त्याचा चेहरा असा पांढराफटक पडत चालला होता, आणि मला तो पाहायचा होता. पुढचं सांगितलं असतं तर त्याच्या जिवात जीव आला असता, गोष्ट तिथंच संपली असती. मला ती संपायला नको होती. तो उठून गेला, तरी मी हाक मारली नाही.

त्याच आठवड्यात पोरगी नणंदेकडे गेली आणि कमल माहेरी. पुन्हा नांदायला नेलं नाही. पुढच्या बाजाराला डॉक्टरांनी विचारलं, कमल आली नाही? मी म्हटलं, बरी झाली असेल, साहेब. ते हसले. तिचा कागद बाजूला ठेवला. दुसरा नंबर पुकार म्हणाले. मी पुकारला.

मागच्या वर्षी ती भेटली, एसटी स्टँडवर. केस पांढरे, पण तिनंच मला ओळखलं. पोरीचं लग्न कधीच झालं, म्हणाली, बोलावणं नव्हतं, रस्त्यावरून मांडव पाहून आली. मग माझ्याच हातावर हात ठेवला.

"माह्यंच खोटं पकडल्या गेलं, बाई. त्या दिवशी वांगी किडकी निंघाली, त्याले तुम्ही काय करान? नाहीतर भाजी तुम्ही लय निवडून आणत होत्या."

मी मान डोलावून 'हाव' म्हटलं.

तिची जीप आली. तिची पिशवी मीच उचलून आत दिली. भरलेली होती.