गयाबाई पाणी पीत नव्हत्या

"सिस्टर, माय मला वळखून न्हाई राह्यली," बबन म्हणाला. "कालपासून मला दादा म्हणून हाक मारती. दादा म्हणजे तिचा भाऊ. तो जाऊन लई वर्षं झाली."

मी लेबर रूममधली, म्हणजे बाळंतपणाच्या खोलीतली ड्यूटी संपवून त्याच सकाळी फीमेल वॉर्डला आले होते. चार्ज घेते न घेते तोच हा तिशीतला शेतकरी मुलगा समोर येऊन उभा. डोळे जागरणाने लाल. मागे खाटेवर त्याची आई, गयाबाई.

अंगणात पाय घसरून त्या पडल्या होत्या. कमरेच्या हाडाला चीर गेली होती. जालन्याच्या हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, ऑपरेशनची गरज नाही, पण सध्या उठायचं बिलकुल नाही. म्हणून घराजवळच्या आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात त्या पडून होत्या. आल्या तेव्हा चांगल्या बोलत होत्या. शेजारच्या खाटेवरच्या बाईला ज्वारीच्या पापडांची रीत सांगत होत्या, असं आमची आया शकीला म्हणाली. मग हळूहळू गप्प झाल्या. आता अंगात ताप होता आणि जीभ इतकी कोरडी की शब्द टाळूला चिकटत होते.

बबनने वडीगोद्रीला दिलेल्या बहिणीला फोन केला होता. "शेवटचं भेटून घे म्हणलं तिला," तो खाली बघत म्हणाला. गेलेली माणसं दिसायला लागली की माणूस निघायच्या तयारीत आहे, असं आमच्याकडे धरतात.

डॉक्टर राउंडला आले. त्यांनी तपासलं. "डिहायड्रेशन आहे. युरीन इन्फेक्शन दिसतंय. सलाईन लावा, अँटिबायोटिक सुरू करा. उद्या सकाळपर्यंत फरक पडला नाही तर मोठ्या दवाखान्यात रेफर करू."

अंगातलं पाणी कमी झालं, लघवीच्या मार्गात जंतू वाढले, की वयस्क माणसाच्या डोक्यात गोंधळ उडतो. आम्ही त्याला डिलिरियम म्हणतो. ते वेड नव्हे. घटकाभर माणूस शुद्धीत असतं, घटकाभर भ्रमात. कारण सापडून उपचार झाले तर उतरतं. नाही झाले तर माणूस हातचं जातं.

"पाणी देता का त्यांना?" मी बबनला विचारलं.

"देतो की. तोंडच घट्ट मिटून घेती. मी तर हितून हललो न्हाई, सिस्टर. बायको बाळंतपणाला माहेरी गेली, मंग मायजवळ दुसरं कोण बसणार?"

खरं होतं ते. असा लेक मी फार थोड्या पेशंटजवळ पाहिलाय. आईचे पाय दाबायचा, तिच्याच पदराने तिला वारा घालायचा, जेवायलासुद्धा बाहेर जायचा नाही.

मी चमच्याने पाणी ओठांशी नेलं. गयाबाईंनी ओठ मिटले. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. बबनकडे बघत होत्या.

मी बबनला शहाळं आणायला बाजारात पाठवलं. तो गेल्यावर ओल्या फडक्याने त्यांचं तोंड पुसलं, केस मागे केले, आणि स्टूल ओढून खाटेशी बसले. घाई केली नाही. डिलिरियमच्या पेशंटला शुद्धीचा क्षण यायची वाट बघावी लागते.

"मावशी, पाणी का नको?"

माझा हात धरून त्या पुटपुटल्या, "पेलं की जावं लागतं, माय."

"मग बेडपॅन देते ना."

"लेक बसलेला असतो. समोर लोकायची माणसं. कसं जावं?"

"मग काय करता तुम्ही?"

"अंधार पडायची वाट बघते." वरच्या दिव्याकडे बघत म्हणाल्या, "हितं अंधारच पडत न्हाई. रातभर दिवे."

आमच्या भागातल्या किती बायांचं आयुष्य उजाडण्याआधी आणि दिवस बुडाल्यावर जाण्यात गेलंय. मधला सगळा वेळ दाबून धरायचं. दाबून धरायचा सोपा उपाय म्हणजे पाणी न पिणं. हे त्या लहानपणापासून शिकल्या होत्या, आणि दवाखान्यात तेच करत होत्या.

मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "मग कॅथेटर टाकून द्या. प्रश्न मिटेल."

कॅथेटर म्हणजे लघवीची नळी.

"सर, आजचा दिवस थांबू या का? इन्फेक्शन आधीच आहे. शिवाय भ्रमात त्यांनी नळी ओढली तर रक्त येईल."

त्यांनी विचार केला. "ठीक आहे. पण संध्याकाळपर्यंत लघवी नीट झाली पाहिजे. नाही झाली तर नळी टाकायची."

"हो सर."

आमच्या वॉर्डात तेव्हा पडदे नव्हते. लांबट खोली, दोन्ही बाजूंना लोखंडी खाटा, खिडकीत घरघरणारा कूलर, फिनाईलचा वास. शकीलाने ऑपरेशन थिएटरमधल्या विटलेल्या हिरव्या चादरी आणल्या. दोन सलाईनचे स्टँड उभे केले, मध्ये बँडेजची पट्टी ताणली आणि चादरी टाकल्या. मग ती पुरुष नातेवाइकांकडे वळली.

"आमी बी पेशंटसोबतच आल्तो ना," एकजण कुरकुरला.

"भाऊ, बाहेर लिंबाखाली लई हवा हाय. जल्दी जावा, जागा भरून जाईल."

सगळे हसत उठले.

बबनला सांगणं अवघड होतं. तो शहाळं घेऊन आला तेव्हा मी त्याला व्हरांड्यातच थांबवलं आणि सगळं सांगितलं. त्याचा चेहरा पडला.

"म्हणजे माझ्यामुळंच झालं का, सिस्टर?"

"नाही. तुम्ही होतात म्हणून त्या एकट्या पडल्या नाहीत. पण लेकापुढं आईला लाज वाटणारच. आता शहाळं माझ्याकडे द्या आणि बाहेर बसा. बोलावते."

पडद्याआड गयाबाईंनी शहाळ्याचं पाणी घेतलं. आधी चमच्याने, मग पेल्याने. स्टीलचा बेडपॅन मी गरम पाण्याने धुऊन आणला, अंगाला गार लागू नये म्हणून. "तू बी जा," त्या म्हणाल्या. मी पडद्याबाहेर पाठ करून उभी राहिले. तेवढ्यात शकीलाने कोपऱ्यातला नळ मोठा सोडला. बादलीत पाण्याचा असा आवाज की वॉर्डात दुसरं काही ऐकू येईना. हे तिला मी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी डॉक्टरांना सांगितलं, "सर, नळी नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते राउंडला आले आणि हिरव्या चादरीपाशी थांबले. "मावशी, येऊ का आत?"

आतून पदर सावरल्याची हालचाल झाली. "या की."

त्यांनी मागोमाग आलेल्या बबनकडे बोट करून विचारलं, "हे कोण?"

"बबन. अजून कोण?" मग लेकाला म्हणाल्या, "दाढी का न्हाई केलीस रं? कसा दिसून राह्यला."

बबन बाहेर गेला आणि लिंबाच्या पारावर डोक्याला हात लावून रडला. इतक्यात वडीगोद्रीची बहीण मोठ्याने रडत वॉर्डात शिरली. गयाबाई दचकल्या. "कोण गेलं गं?" त्यांनी विचारलं. शकीला हसू आवरायला चादरींच्या खोलीत पळाली.

ताप उतरायला आणखी काही दिवस लागले. मग त्या वॉकर धरून उभ्या राहिल्या. सुट्टी द्यायच्या आधी बबनने विचारलं, "घरी काय काय लागंल?"

"गोळ्या, वॉकर. आणि संडास आहे का?"

"हाय. पण त्यात सरपण भरून ठेवलंय."

"सरपण काढा. दाराला आतून कडी लावा."

तो गावी गेला, आणि ते काम उरकूनच आईला न्यायला आला. गयाबाई रिक्षात बसल्या तेव्हा त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

आता मी रिटायर झालेय. शकीला परतूरला लेकीकडे असते, ईदला न चुकता फोन करते. जुनी इमारत पाडली. नवीत प्रत्येक खाटेला रुळावरचे पडदे आहेत. मागे सहज गेले होते तेव्हा बरेचसे एका बाजूला सारून ठेवलेले दिसले. पण कूलरची ती घरघर आणि सकाळच्या राउंडची आमची धांदल अजून आठवते. चहाचा एक कप आम्ही दोघी वाटून प्यायचो, उभ्या उभ्याच.

नर्सिंगच्या मुली कधी कधी घरी येतात. त्यांना अभ्यासाला होलिस्टिक केअर असतं. शरीर, मन, कुटुंब, सगळ्याची मिळून काळजी. व्याख्या त्यांना पाठ असते. मॅडम, प्रत्यक्षात म्हणजे काय, असं विचारतात. मी सांगते, पेशंट पाणी पीत नसेल तर सलाईन लावाच. पण आधी त्याच्याजवळ बसलेल्या माणसाला जरा बाहेर पाठवा आणि विचारा, का पीत नाही.