पहिला मासा आसरांचा

ताप उतरला त्या दिवशी आईने देवापुढे साखर ठेवली, आणि आमची खरी काळजी तिथून पुढे सुरू झाली. माझी पत्नी मुदतीच्या तापातून उठली, असे गावात सगळे म्हणत होते. उठली कसली? अंथरुणाला खिळलेलीच होती. पेज दिली तर दोन घोटांत तोंड फिरवायची, दूध पोटात ठरत नव्हते. एरवी माझ्या एका वाक्याला दोन उत्तरे देणारी ही बाई; आता मी काही विचारले तर नुसती पापणी हलवायची. तिच्या बोलण्याला मी इतकी वर्षे वैतागत होतो, पण ते बंद पडल्यावर घर मला खायला उठले. शेवटी बारामतीहून वैद्यबुवांना छकड्यातून आणले. नाडी पाहिल्यावर ते मला अंगणात बाजूला घेऊन म्हणाले, "ताप गेला, पण जाताना सगळी शक्ती घेऊन गेला. अंगात काही भरलं नाही तर पावसाळा निघणं कठीण आहे. एक जिवंत मरळ आणा. चुलीपाशी येईपर्यंत ती हलत असली पाहिजे. तिचं अळणी पाणी चमच्याचमच्याने पाजा. एवढं पोटात राहिलं तर पुढचं राहील."

मरळ म्हटल्यावर मला धीर आला. आम्ही निरवांगीचे माळी. पाटाच्या पाण्यावर वांगी, कांदा आणि पेरूची बाग करायची, आणि मोकळा वेळ मिळाला की काठी घेऊन नीरा नदी गाठायची, हा माझा क्रम होता. मरळ धरण्यात पंचक्रोशीत माझा हात धरणारा कोणी नव्हता. ही फुशारकी नव्हे. आम्हा गळकऱ्यांच्या बैठकीत प्रत्येकाचा मासा दरवर्षी वीतभर वाढतो हे मला ठाऊक आहे, कारण माझेही काही मासे तसे वाढलेले आहेत. पण मरळीचे मात्र सगळे मान्य करत. ती कुठे बसते, गळाला लावलेली बेडकी पाण्यावर कशी नाचवली की ती झेप घेते, हे मला डोळे मिटून कळायचे. तरी त्या वेळी मनात पाल चुकचुकली. वैशाखाचे ऊन होते. नदीचे पाणी वरच पाटाला वळवलेले, त्यामुळे पात्रात वाळू आणि मधूनमधून डोह एवढेच उरले होते. भोई लोक जाळी घेऊन भीमेकडे निघून गेले होते, आणि बाजारात येणारा मासा इंदापूरचा असो की भिगवणचा, डोळे पांढरे करूनच येत असे. जिवंत मरळ हवी तर ती मीच काढायला हवी होती.

आमच्या डोहाच्या काठी एका उंबराखाली शेंदूर लावलेले सात दगड आहेत. त्या साती आसरा, पाण्याच्या देवता. डोह त्यांचा, मासेही त्यांचे. म्हणून प्रत्येकाचा दिवसाचा पहिला मासा त्यांचा, ही आमची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. लहान असो की मोठा, त्याच्या डोक्याला हळदीचे बोट लावायचे, आसरांचे नाव घ्यायचे आणि पाण्यात सोडून द्यायचा. रीत कोणी मोडत नसे. पण गळकऱ्याची जात बिलंदर. मोठा गळ टाकण्याआधी आम्ही सगळे एक बारीक गळ टाकत असू, त्याला ज्वारीच्या पिठाची गोळी लावून. त्याला बोटाएवढी मासोळी लागायचीच. तिला हळद लावली, सोडली, की आसरांचे देणे फिटले आणि पुढचे सगळे आपले! अशी आमची भक्ती बिनबोभाट चालली होती, आणि आसरांनीही कधी तक्रार केली नव्हती.

वैद्यबुवा येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी डोहावर गेलो, तर तात्या आधीच बसले होते. तात्या म्हणजे आमच्या सगळ्या गळकऱ्यांतले वडीलधारे. मला काठी धरायला त्यांनीच शिकवले. घरची हकीकत त्यांना माहीत होती. मला पाहताच म्हणाले, "बारका गळ टाक आदी. रीत उरकून घे, मग बेडकी लाव."

मी बारका गळ टाकला. मोराच्या पिसाचा दांडा पाण्यावर तरंगत होता, तो जरासा बुडाला. मासोळी लागली. मी सावकाश दोरी ओढू लागलो आणि काठापासून हातभर अंतरावर पाणी एकदम फाटले. काळी पाठ वर आली, मोठा जबडा उघडला, आणि माझी मासोळी गळासकट आत गेली. काठी हातातून सुटता सुटता वाचली. तो बारीक गळ, ते कच्चे सूत. एरवी एवढ्या ओढीला ते क्षणभरही टिकले नसते. पण टिकले. कमरेएवढ्या पाण्यात उतरून मी दोन्ही हातांनी तिला मिठी मारली आणि काठावर आणून टाकली. मरळ! माझ्या कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत भरेल अशी, अंगावर चकाकणारे ठिपके, आणि जिवंत कशी, तर वाळूवर उड्या मारत होती. इतक्या वर्षांत बारक्या गळाला लागलेली मरळ मी पाहिली नव्हती. घरी पडलेल्या हिच्यासाठीच ती आली, असे मला वाटले आणि मी चक्क रडलो.

मग तात्यांकडे पाहिले आणि रडणे थांबले. दोघांच्याही मनात एकच गोष्ट आली होती. दिवसाचा हा पहिला मासा होता.

तात्या लगेच म्हणाले, "पयला मासा ती मासोळी. मरळ दुसरी. ती तुझी."

"मासोळी हिच्या पोटात गेलीया, तात्या."

"मग पोट फाड, मासोळी काढ, हळद लाव आन दे सोडून. आसरांचं आसरांना, तुझं तुला."

"मेलेली सोडू व्हय?"

"अरं, घरी बायकू कशी हाय, ठावं हाय न्हवं तुला? हितं वकिली करत बसू नगंस!"

तात्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. त्या जागी दुसरा कोणी असता तर मीही त्याला हेच सांगितले असते. मी कमरेची सुरी काढलीसुद्धा. पण ती मरळ माझ्या मांडीखाली दाबलेली होती, तिचे कल्ले उघडमीट होत होते, आणि समोर ते सात दगड होते. पत्नी अंथरुणाला खिळल्यापासून रोज रात्री झोपताना मी त्याच दगडांपुढे मनाने हात जोडत होतो. ज्यांच्याकडे हिचा जीव मागायचा, त्यांच्याशीच एका मासोळीवरून हुज्जत घालायची? आजवर आम्ही त्यांना आपल्याला नको असलेले तेवढे दिले होते. आज पहिल्यांदा हातात आलेला मासा मला हवा होता. जीव तोडून हवा होता. आणि तोच त्यांचा होता, यात मला काही शंका राहिली नाही.

मी हळदीची पुडी सोडली, मरळीच्या डोक्याला बोट लावले. गळ खोल उतरला होता, तो काढायला गेलो असतो तर ती मेली असती, म्हणून तोंडाशी सूत कापले. तिला पाण्यात धरून मी म्हणालो, "आयांनो, ही तुमची. आन घरची बी तुमचीच. माझ्या हातनं व्हतं तेवढं मी केलं." हात सैल केले. ती क्षणभर तशीच थांबली आणि मग खाली गेली.

तात्या माझ्याकडे बघतच राहिले. "येडा झालास," एवढेच म्हणाले आणि तोंड फिरवून बसले. आता माझा दिवस कोरडा जाणार नाही, अशी माझी खात्री होती. बेडकी लावून मी डोहाच्या सगळ्या कडा पालथ्या घातल्या, खालच्या डोहावर गेलो, लव्हाळ्यांच्या मुळांत, दगडांच्या कपारीत, जिथे जिथे मरळ बसते तिथे तिथे. एकही ओढ आली नाही. ऊन कलले तशी माझी खात्रीही कलली. पण सांगायची गोष्ट ही, की भीती मात्र वाटत नव्हती. इतके दिवस हिचे ओझे मी एकटाच उचलतोय असे वाटत होते. ते त्या पाण्यात उतरवून आलो होतो. रिकामी पिशवी खांद्यावर टाकून मी घरची वाट धरली.

वाटेत एक कोरडा ओढा लागतो. तिथे एका धनगराची मेंढरे बसली होती आणि तो म्हातारा ओढ्याच्या पात्रात कमरेएवढ्या खड्ड्यात उभा होता. मेंढरांना पाणी पाजायला झरा उकरत होता. माझ्या खांद्यावरची काठी पाहून त्याने हाक मारली, "ओ पावनं! गळवालं! जरा हिकडं या."

जवळ गेलो तर खड्ड्याच्या कडेला त्याची घोंगडी ओली करून पसरलेली, आणि घोंगडीत काहीतरी हलत होते. त्याने एक पदर उचलला. आत चिखलाने माखलेली मरळ होती. पाणी आटले की मरळ ओल्या चिखलात स्वतःला पुरून घेते, हे मी ऐकून होतो, पण डोळ्यांनी कधी पाहिले नव्हते.

म्हातारा सांगू लागला, "ह्यो झरा उकराय लागलो तर ही बया निघाली बघा चिखलात. आमी माळकरी, आमाला चालत न्हाय. आन मेंढरं टाकून नदीला बी जाता येईना. तुमी पाण्याकडची माणसं. एवढी नदीत सोडा की. जिवंत हाय अजून."

ही माझी दुसरी परीक्षा. गप्प बसून घोंगडी उचलली असती तर त्याला काय कळणार होते? पण सकाळी आसरांशी हुज्जत न घालणारा मी, संध्याकाळी एका म्हाताऱ्याला थाप कशी मारणार? मी त्याला सगळे सांगितले. हिचे दुखणे, वैद्यबुवांचे बोलणे, सकाळची मरळ. "आबा, ही मी नदीत सोडायचो न्हाय. घरी नेईन. तुमी नगं म्हनला तर नदीवर जाऊन सोडून येतो. पन खोटं सांगून न्हेनार न्हाय."

म्हाताऱ्याने गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावला. मग म्हणाला, "म्या जीव वाचवा म्हनलं. तुमी बी त्येच म्हनताय. न्या. घोंगड्यासकट न्या, वाळली तर मरंल."

धनगर आपली घोंगडी कुणाला देत नाही, हे आमच्याकडे कोणीही सांगेल. ऊन, पाऊस, अंथरूण, पांघरूण, सगळे तीच. त्याने ती चिखलामाशासकट माझ्या खांद्यावर ठेवली आणि पुन्हा खड्ड्यात उतरला.

मरळ घरी पोचली तेव्हा शेपूट आपटत होती. चुलीपाशी नेण्याआधी आईने तिला हळदकुंकू लावले आणि पदर हातात धरून नमस्कार केला, मीही केला. अळणी पाण्याचा पहिला चमचा हिने गिळला, दुसरा गिळला. आम्ही दोघे मायलेक तिच्या तोंडाकडे बघत बसलो होतो. वाटी संपली आणि पोटात राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेले पाणी घेऊन मी तिच्या उशाशी गेलो, तर ती डोळे उघडून माझ्याकडे पाहत होती. इतक्या बारीक आवाजात म्हणाली की मला कान जवळ न्यावा लागला. म्हणाली, "अंगाला चिखलाचा वास येतोय. आंगुळ करा आदी."

आई दारामागे जाऊन रडली. मी मात्र हसलो, आणि अंघोळीला गेलो.

अशा गोष्टींत मदत करणारा माणूस पुढे कुणाला सापडत नाही, असे मी पुष्कळ ऐकले आहे. माझा म्हातारा सापडला. घोंगडी धुऊन, वाळवून मी माग काढत गेलो, तर कळंबच्या माळावर, जिथे नव्या साखर कारखान्याची चिमणी उभी राहत होती, तिथे त्याची मेंढरे बसली होती. त्याचे नाव बिरूआबा. हट्टाने त्याला जेवायला घरी आणले. हिने भिंतीचा आधार घेत स्वतः उठून त्याला भाकरी वाढली. झरा तिथेच का उकरला, असे मी विचारले, तर म्हणाला, "मी म्होरं जानार व्हतो. पन एक मेंढी बसली, उठंचना. म्हनलं, बस बाई, हितंच उकरतो." किती वाजता बसली, मी सकाळी मरळ सोडली त्याच वेळी की काय, हेही मला विचारायचे होते. तोंड उघडले होते, तेवढ्यात हिने माझ्याकडे असे पाहिले की मी पाण्याचा तांब्या उचलला. विचारले नाही तेच बरे झाले. मिळालेल्या गोष्टीची उलटतपासणी करू नये.

पाऊस पडून गेल्यावर, नदीला तांबडे पाणी येऊन गेल्यावर, ही आपल्या पायांनी डोहावर आली. सात दगडांपुढे तिने हिरव्या बांगड्या आणि दहीभात ठेवला. तात्या तिथेच बसले होते. बसल्या बसल्या त्यांनी आपल्या पिशवीतून बारका गळ काढला, त्याचे सूत गुंडाळले आणि तो उंबराच्या खोडात टोचून ठेवला. त्या दिवसापासून आमच्या डोहावर कोणी बारका गळ टाकत नाही. पहिलाच गळ मोठा पडतो आणि जे येईल ते त्यांचे असते. कधी कधी मन कचरते, नाही असे नाही, पण हात आता आपोआप सैल होतात.

ही पाण्याशी वाकून उभी होती. मला म्हणाली, "मरळ कुठं सोडलीसा, ती जागा दावा."

मी दाखवली. तिने ओंजळभर पाणी घेतले, डोळ्यांना लावले आणि उरलेले परत डोहात सोडून दिले.