पंक्चर नसलेली सायकल

आधी काकींचं सांगतो, मग काय झालं ते. उलटं सांगितलं तर मीच शहाणा होतो असं वाटेल.

काकी म्हणजे लालबागच्या आमच्या चाळीत, आमच्या खोलीला लागून राहणाऱ्या बाई. मूळच्या मालवणकडच्या. परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात त्यांनी पस्तीस वर्षं आयाचं काम केलं. तिथे सगळे त्यांना मावशी म्हणायचे, चाळीत काकी म्हणतात. वय सत्तरच्या पुढे. तोंडात दात तीन, आणि ते तीनही एकमेकांपासून लांब.

मी चंदगडकडचा. आठवीत शाळा सोडून मुंबईला आलो आणि गावाच्या खोलीत राहिलो. गिरण्यांच्या काळात आमच्या गावच्या लोकांनी मिळून ही खोली घेतली. गावचा कुणीही पोटासाठी इथे आला की त्याला पेटी ठेवायला आणि आडवं व्हायला जागा मिळते. सध्या आम्ही नऊ जण आहोत. सगळ्यांत जुने आहेत त्यांना अण्णा म्हणतो आणि ते म्हणतील ते ऐकतो.

करोनाच्या वेळी खोलीत एकाला ताप आला आणि चार दिवसांत सगळेच आडवे झाले. मग मीटिंग बसली आणि ठराव झाला. ज्याला ताप येईल त्याने त्याच संध्याकाळच्या गाडीने गावाला जायचं, बरं होऊन परत यायचं. जागा राहीलच असं नाही, कारण गावात चार जण नंबर लावून असतात. ठरावाला हात वर करणाऱ्यांत मी पहिला होतो. मला आजाराची भीती फार.

भीती वाटावी असंच माझं काम आहे. चिंचपोकळीला दातांच्या कवळ्या बनवणारा एक छोटा कारखाना आहे, तिथे मी सायकलवर ने-आण करतो. दाताच्या डॉक्टरांकडून पेशंटच्या तोंडाचे साचे आणायचे आणि तयार कवळ्या पोचवायच्या. परळ, दादर, नायगाव, कधी गिरगाव. दिवसाला दहा-बारा दवाखाने होतात आणि प्रत्येकाच्या भिंतीवर एक सूचना असते. मी सगळ्या वाचतो. शिंकताना तोंडावर रुमाल धरा, असं एकीवर लिहिलंय. सायकलवाल्याने कुठल्या हाताने धरायचा ते लिहिलेलं नाही. एक हात सोडला तर एक ब्रेक गेला. शिंकताना डोळे मिटतात ते वेगळंच. पुलाखालून येताना शिंक आली की मी मनात देवाचं नाव घ्यायचो आणि दोन्ही ब्रेक दाबायचो. मागचा टॅक्सीवाला जे नाव घ्यायचा ते देवाचं नसायचं.

बाकीचंही आहेच. तुंबलेल्या पाण्यातून पाय नेऊ नयेत, उंदरांचा ताप होतो. जुन्या चाळी पाडतात तिथली धूळ छातीत जाते. बसच्या डाव्या बाजूने चालू नये, खिडकीतून कोण काय थुंकेल त्याचा भरवसा नसतो. हे मी सगळं पाळायचो. मास्क, चष्मा, पायात गमबूट. गमबूट घातलेला सायकलवाला बघून परळच्या सिग्नलला एकाने विचारलं होतं, "काय भाऊ, मासे पकडायला?"

तर असा मी. आणि मलाच ताप आला.

गणपती नुकतेच गेले होते. गणपती गेले की अख्खं लालबाग पंधरा दिवस खोकतं. दहा दिवस सगळं जग येऊन आमच्या तोंडावर श्वास सोडून गेलेलं असतं. रविवारी संध्याकाळी माझं अंग तापलं. कपाळाला हात लावून पाहिला आणि हात खिशात घातला. गावाला गेलो असतो तर जागा गेली असती, आणि खोलीच नाही तर मुंबईत काम करून मी राहणार कुठे?

मी कुणाला काही सांगितलं नाही. दाराशी, सगळ्यांकडे पाठ करून झोपलो. माझा पेला वेगळा ठेवला. खोकला आला की गिळायचो. खोकायला मला एकच मोकळी जागा होती, ती म्हणजे सायकल. सकाळी निघायचो आणि पुलाखाली, हॉर्नच्या आवाजात, रात्रभराचा खोकून घ्यायचो. सिग्नलला बाजूला माणूस असला तर श्वास रोखून धरायचो. आणि पायडल जोरात मारायचो, कारण आमच्याकडे म्हणतात, घाम फुटला की ताप उतरतो. मला घाम भरपूर फुटत होता. ताप बहुतेक वेगळ्या वाटेने उतरायचा असावा.

चौथ्या दिवशी सकाळी जिन्याखाली लावलेल्या सायकलचं पुढचं चाक बसलेलं. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे नेली.

"पंक्चर नाय रे. कुणीतरी हवा सोडलीय."

हवा भरून दादरला गेलो. तिथे दवाखान्यासमोर उतरताना रस्ता डावीकडे कलला. म्हणजे मी उजवीकडे पडत होतो. शेजारी बस होती. फुटपाथवर टोपली घेऊन बसलेली कोळीण ओरडली, "अरे ए दादा, मरायचं असेल तर पुढं जाऊन मर, हितं माझं पापलेट हाय!" पाय टेकला म्हणून वाचलो. पिशवीतल्या कवळ्याही वाचल्या. हे मी कुणाला सांगितलं नाही, पण संध्याकाळी गॅलरीत काकी तांदूळ निवडत होत्या, त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि परत तांदळात घातली.

पाचव्या दिवशी दोन्ही चाकं बसलेली. व्हॉल्व्हच्या पिनाच गायब. मी जिना चढून वर आलो आणि गॅलरीत सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडलो, "कुणी हात लावला माझ्या सायकलला?"

काकी म्हणाल्या, "चोर आसतलो. आजकाल कायपण चोरतत."

"पिना चोरून काय करणार, काकी?"

"ता चोराक इचार."

मी कवळ्यांची पिशवी घेऊन पायीच निघालो. सहाव्या पायरीवर बसलो. उठता येईना. थोड्या वेळाने काकी खाली आल्या, माझ्या शेजारी बसल्या, पदराची गाठ सोडली आणि दोन पिना माझ्या हातावर ठेवल्या.

"मेल्या, आज गेल्लंस तर परत येवचंस नाय, म्हणान काढलंय."

"तुम्हाला कसं कळलं?"

"खोकलो गिळतंस त्याचो आवाज वेगळो येता. पस्तीस वर्सां ऐकलंय." मग माझ्या मानेला हात लावला. "घाम गाळून ताप जाता ह्या तुका कोणी सांगल्यान? माझ्या वॉर्डात अशे शाणे रांगेन पडलेले आसत."

त्या मला दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टर म्हणाले, फ्लू आहे, पाच दिवस झोपून राहा. ताप असताना किती दिवस सायकल चालवली ते विचारलं. चार, म्हटल्यावर पेन खाली ठेवून म्हणाले, "तापात अशी दमछाक करायची नसते. हृदयावर ताण येतो." मी हे कुठल्याच भिंतीवर वाचलं नव्हतं.

संध्याकाळी काकी आमच्या दारात उभ्या राहिल्या. मी त्यांच्या मागे, मास्क लावून.

"अण्णा, ह्याका ताप आसा. पाच दिवस माझ्याकडे ऱ्हवतलो. ह्याची जागा कोणाक दिवची नाय."

अण्णा म्हणाले, "काकी, ठराव आहे. यानेच पहिला हात वर केला होता."

"ठराव तुमच्या खोलीचो. मग तुमच्यातल्या कोणी माझा दार ठोकूचा नाय."

अण्णांना बीपी आहे. बीपी मोजायचं मशीन काकींकडे आहे. अण्णांनी जरा विचार केला आणि ठराव पाच दिवसांसाठी बाजूला ठेवला.

काकींनी मला खिडकीशी झोपवलं आणि स्वतः गॅलरीत अंथरूण टाकलं. मास्क लावून पेज द्यायच्या आणि दारातूनच ताट सरकवायच्या. मला माझ्यापेक्षा त्यांची काळजी. सत्तरीच्या बाईला माझा ताप लागला तर? त्या बाहेर खोकल्या की मी आत मोजायचो. पाच दिवसांत सात वेळा, आणि त्यातल्या चार वेळा पानात चुना जास्त झाला म्हणून.

कारखान्याच्या शेठला फोनही त्यांनीच केला. शेठ माझ्यावर चिडले, पण आजारी पडलो म्हणून नाही. "खोकणाऱ्याच्या हातची कवळी डॉक्टर घेतील का? आधी बोलायचं ना!" जे लपवून मी काम वाचवत होतो, त्यानेच ते गेलं असतं. परतल्यावर त्यांनी मला पंधरा दिवस सायकलवर बसू दिलं नाही. कारखान्यात प्लास्टर कालवायला लावलं. मग मेणात दात लावायला. पुढचे सहा मी वाकडे लावले. कारागीर म्हणाले, "हात बरा आहे तुझा. नजर तेवढी सरळ कर." आता सकाळी सायकल, दुपारनंतर दात.

आता शिंक आली की सायकल बाजूला घेऊन थांबतो. कपाळ गरम लागलं तर सायकलला हातही लावत नाही, आधी शेजारचं दार वाजवतो. खोलीच्या ठरावात अण्णांनी स्वतःच दुरुस्ती केली. ताप आलेल्याने आधी काकींना दाखवायचं, जागा धरून ठेवली जाईल. या वेळी हात सगळ्यांनी एकदम वर केले.

मी काकींना एकदा म्हटलं, "तुमचं माप घेऊ का? कवळी करून देतो."

"माका दात कित्याक? कोणाक चावचा आसा?"

पण भाकरी त्या पाण्यात भिजवून खातात, आणि चण्याची पुडी आली की उघडून नुसता वास घेतात आणि मला देतात. हे मी रोज बघतो.

काकी, तुम्ही हे वाचणार नाही, म्हणून लिहून ठेवतो. अजून माझे पुढचे दात सरळ बसत नाहीत. ज्या दिवशी बसतील, त्या दिवशी तुम्ही नको म्हणालात तरी माप घेईन. ते तीन आहेत तसे राहू देत. बाकीचे मी लावीन, माझ्या हाताने, आणि पहिली चण्याची पुडी समोर बसून खायला लावीन.