मशीनमागचं दही

"आहे का? आणि किती खाईल?" फोन खांद्यात धरून, चष्मा कपाळावर ढकलत दादा विचारायचे. पहिल्या दिवशी मला वाटलं, कुणीतरी जेवायला येतंय. मी चार पोळ्या जास्त लाटल्या.

दादा साताऱ्याकडचे. जमिनीखालच्या पाण्याचं गणित मांडायचे. जयपुरात, मानसरोवर भागात भाड्याच्या घरात एकटेच राहत, मी त्यांच्याकडे स्वयंपाकाला. टेबलाखाली ट्रंकेएवढा कॉम्प्युटर घरघरत असे. त्यात कोणती भाषा आहे आणि ती किती मेमरी खाते, याचा कागद त्यांनी फ्रिजवर चिकटवला होता. 'पायथन: आहे, बरीच खाते. फोर्ट्रान: म्हातारी, थोडक्यात भागवते.' प्रत्येक गोष्टीची अशी चौकशी करणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

मी कागद वाचतेय हे पाहून ते म्हणाले, "मावशी, या मशीनला काम सांगायच्या भाषा. आणि मेमरी म्हणजे तुमचा ओटा. फडताळात भांडी कितीही असू देत, ओट्यावर मावतील तेवढीच काढायची."

मी चौथी शिकलेली, पण हे लगेच कळलं. माझ्या घरचा ओटा दोन हातांचा आहे.

जानेवारीत जयपूरला दही लागता लागत नाही. मशीनच्या मागून मात्र छान गरम वारा यायचा. मी गुपचूप विरजणाचं भांडं तिथे सरकवू लागले. दादा वाटी चाटूनपुसून म्हणायचे, "काय हात आहे मावशी तुमचा!" मी मान खाली घालून पोळ्या लाटायची.

एकदा त्यांनी मोठं गणित लावलं होतं. उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांना द्यायचं, त्यावर नोकरी पक्की होणार होती. दादा मीटिंगला शहराच्या दुसऱ्या भागात, सोडाल्याला गेलेले. मी भांडं ठेवायला वाकले, तर वारा गार.

मला फोनवर बोलायचं म्हटलं की घाम फुटतो. त्यात फोन केला तर दह्याचंही सांगावं लागणार. भांडं ओट्यावर परत ठेवलं. मग केला.

"दादा, वारा गार आहे."

"कसला वारा?"

"मशीनच्या मागचा. मी तिथे दही लावते."

"पडद्यावर काय दिसतंय?"

"एकच ओळ. हलत नाही."

"मेमरी संपली, गणित अडलं! आलोच."

आले ते हेल्मेटसकट खुर्चीत बसले. गणिताचे तुकडे पाडले, एका वेळी मावेल तेवढाच एक. वारा पुन्हा गरम झाला तेव्हा माझ्याकडे वळले.

"रोज, मावशी? माझ्या मशीनवर?"

मी भांडं पदराआड घेतलं.

"आणि मी तुमच्या हाताचं कौतुक करत होतो!" हेल्मेट हलेपर्यंत हसले.

उत्तर वेळेवर पोचलं. नोकरी पक्की झाली, आणि पक्की झाली म्हणूनच पुढे पुण्याला बोलावणं आलं. जाताना मशीन नेलं, कागद मला दिला. तळाशी वारा गार झाला त्या संध्याकाळी त्यांनी लिहिलेली ओळ आहे: 'दही: आहे. काही खात नाही.'

आता थंडीत मी विरजण जुन्या शालीत गुंडाळून ठेवते. लागतं, पण उशिरा.